घरी जाणाऱ्याचा रस्ता

रात्री साडेनऊला माझी ड्यूटी संपते. हिंगोलीत एका मेडिकलवर मी काउंटर सांभाळतो. शटर ओढून कुलूप लावलं की स्वेटर, त्यावर जॅकेट, कानाभोवती मफलर आणि वरून हेल्मेट. हातमोजे घालायच्या आधी आईला एका शब्दाचा मेसेज: 'निघालो.' मग कळमनुरीमार्गे आखाडा बाळापूरच्या दिशेनं, बाळापूरच्या अलीकडच्या आमच्या फाट्यापर्यंत, आणि फाट्यावरून आत गावात. सगळं मिळून चाळीसेक किलोमीटर. एरवी तास-सव्वा तास लागतो. डिसेंबर-जानेवारीत धुई धरली की किती लागेल ते धुईच ठरवते.

थंडीत गाडी चालवत घरी जाणं म्हटलं की मोबाइलवर परदेशातल्या मराठी पोरांचे व्हिडिओ दिसतात. काचेवरचा बर्फ खरवडायचा, रस्त्यावर मीठ टाकलेलं, टायरला साखळ्या. आमच्याकडे यातलं काही नाही. बर्फ आम्ही पाहिला तो २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात, मराठवाड्यात गारपीट झाली तेव्हा. पण थंडी आहे. शेजारच्या परभणीत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा पाच अंशांखाली उतरल्याच्या बातम्या काही हिवाळ्यांत आल्या आहेत. आणि मोटारसायकलवर बसलं की थर्मामीटरचा आकडा तसाही आपला राहत नाही. पॉल सायपल आणि चार्ल्स पासेल या दोन अमेरिकनांनी अंटार्क्टिकात पाणी किती वेळात गोठतं ते मोजून, वाऱ्यामुळे वाढणाऱ्या थंडीचा हिशेब १९४५ साली मांडला. २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडानं तो सुधारून घेतला. त्या सूत्रात आठ अंश तापमान आणि ताशी ५० किलोमीटरचा वारा टाकला तर उघड्या तोंडाला थंडी तीन अंशांची लागते. म्हणजे कळमनुरी येईपर्यंत बोटं आपली नसतात. ब्रेक दाबला की नाही, हे हाताला नाही, गाडीलाच कळतं.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. कळमनुरी मागे टाकली आणि सखल भागात धुई लागली. डिप्परवर गाडी होती, कारण धुईत अपर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते. वेग पन्नासच्या आसपास. डोळ्यांच्या आधी नाकाला कळलं. तोडलेल्या उसाचा ओला, गोडसर वास आला आणि का कोण जाणे, मी दोन्ही ब्रेक दाबले. गाडी तिरकी होत थांबली. पुढच्या चाकापासून चार हातांवर उसाच्या मोळ्यांचा ढीग होता. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागच्या ट्रॉलीचा एक्सल तुटलेला, सगळं धूड रस्त्यातच बसलेलं. मागे चार दगड आणि लिंबाची एक फांदी ठेवलेली होती. त्यातला पहिला दगड माझ्या बुटाला लागला.

ट्रॅक्टरवाला विशीतला पोरगा. चादर गुंडाळून ट्रॉलीच्या आडोशाला बसला होता. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं, तर तोच आधी म्हणाला, "भाऊ, लागलं तर नाही ना? पोरगं मिस्त्रीला आणायला गेलंय. मोबाइल बंद पडला माझा. जरा लाइट दावा की मागच्यायला."

ट्रॉलीला रेडियम होतं. चिखलानं झाकलेलं होतं.

मी पाऊण तास तिथं उभा होतो. माझ्या मोबाइलची बॅटरी हलवत, मागून येणाऱ्यांना बाजूला घालत. त्या पाऊण तासात एक प्रश्न डोक्यात शिरला तो अजून गेलेला नाही. बी.ए.ला इतिहास घेतला होता, त्याचा एवढाच उपयोग. प्रश्न असा: या रस्त्यावरून इतकी वर्षं माणसं रात्री घरी जातात. पण हा रस्ता घरी जाणाऱ्या माणसासाठी कधी कुणी बांधला होता का?

छावणी आणि नाला

हिंगोलीचं नाव इंग्रजांच्या कागदांत येतं ते छावणी म्हणून. निजामाच्या पैशांवर पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमात चालणारी फौज म्हणजे हैदराबाद कंटिंजंट. तिच्या ठाण्यांपैकी हिंगोली एक होतं, वर वऱ्हाडात एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, हे दुसरं. या फौजेचा पगार थकत गेला, निजामाच्या डोक्यावर कर्ज साचलं आणि १८५३ च्या तहात त्या खर्चापोटी निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावं लागलं. एका फौजेच्या पगारापायी एवढा मुलूख गेला. १९०३ मध्ये कंटिंजंट संपली, तिच्या पलटणी इंग्रजांच्या भारतीय फौजेत मिसळल्या आणि हिंगोलीची छावणीही उठली.

एवढी फौज दाराशी असताना रस्ता सुरक्षित असायला हवा होता. तो तसा नव्हता, याची एक गोष्ट निजामाच्या नोकरीतल्या फिलिप मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्यानं लिहून ठेवली आहे. १८३९ साली त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी आली. कादंबरी कल्पित आहे, पण तिच्या प्रस्तावनेत तो हिंगोलीत घडलेली हकिगत सांगतो.

हिंगोलीच्या छावणीत हरीसिंग नावाचा कापडाचा व्यापारी राहत होता. प्रतिष्ठित माणूस, अधिकाऱ्यांच्या ओळखीचा. एकदा त्यानं मुंबईहून कापड आणायचं म्हणून परवाना मागितला. परवाना मिळाला. खरं म्हणजे ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचं होतं. तो व्यापारी हिंगोलीजवळच्याच एका गावचा, स्वतःचा माल घेऊन मुंबईहून घराकडे निघालेला. हरीसिंगानं त्याला, त्याच्या नोकरांना आणि जनावरं हाकणाऱ्यांना वाटेत मारलं, परवाना दाखवून माल हिंगोलीत आणला आणि छावणीच्या बाजारात उघड विकला. पुढे ठगांची धरपकड झाली, तो पकडला गेला आणि त्यानं स्वतःच हे सांगितलं, तेव्हा कुठे ही गोष्ट बाहेर आली.

टेलर आणखी एक सांगतो. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसं मारली गेली होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून फार दूर नाही अशा जागी पुरली होती. माफीचे साक्षीदार जागा दाखवत गेले, तसे ते खड्डे उकरले गेले. टेलर तेव्हा तिथं हजर होता. शेवटी बघवेना म्हणून उकरणं थांबवलं. जागा होती एका लहान नाल्याचं कोरडं पात्र. छावणीतून शेजारच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून.

टेलर इंग्रज अधिकारी होता, हे विसरायचं नाही. ठग म्हणजे देवीसाठी खून करणारा गुप्त पंथ, हे चित्र इंग्रजांनी आपल्या राज्याची गरज पटवायला फुगवलं, असं आजचे बरेच इतिहासकार मानतात. पंथ होता की नव्हता, यावर वाद घालता येतो. वाटेत माणसं मारली जात होती, यावर नाही. मला त्या हकिगतीत ठगापेक्षा तो व्यापारी जास्त आठवतो. मुंबईपासून एवढा लांब आला. पाऊस संपून वाटा वाळल्या की लांबचा प्रवास सुरू व्हायचा, दसऱ्यापासून पुढे सगळा हिवाळा. प्रवाशांचा हंगाम तोच मारेकऱ्यांचा हंगाम. आणि सरकारी कागद पाहिला तर सगळं ठीक होतं: परवाना खरा, शिक्का खरा, माल पोचलेला. माणूस तेवढा पोचला नाही, आणि ते मोजायचं काम कुणाचंच नव्हतं.

फौज होती, पहारा होता. पण तो पहारा छावणीचा होता. रस्त्यानं घरी जाणारा त्याच्या हिशेबात नव्हता.

बैलांना वाट ठाऊक होती

फौजेनंतर रस्ता कापसाचा झाला. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे भुसावळ, अकोला करत नागपूरला पोचली. हिंगोली हे निजामाच्या राज्यातलं कापसाचं मोठं पेठेचं गाव. इथल्या कापसाला अकोल्याची रेल्वे गाठायची म्हणजे वाशिमवरून बैलगाडीनं सुमारे सव्वाशे किलोमीटर. भरलेली गाडी दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर चालते. चार-पाच दिवस जायचे, तेवढेच यायचे. कापूस वेचून बाजाराला निघतो तो थंडीतच, त्यामुळे हा सगळा प्रवास हिवाळ्यातला.

आमच्या आज्यानं तरुणपणी बैलगाडी हाकली. कापसाची नव्हे, भाड्याची, आणि अकोल्यापर्यंत नव्हे, आसपासच्या बाजारांना. पण गाडीवानांची रीत जुनीच असणार. तो सांगायचा, जाताना गाडीवान जागा असतो, कारण माल दुसऱ्याचा असतो. येताना गाडी रिकामी असते. मग आसाच्या खाली कंदील टांगायचा, गाडीत वाळलेला कडबा अंथरायचा, घोंगडी ओढून झोपून जायचं. बैलांना घरची वाट ठाऊक असते. एकामागं एक दहा-दहा गाड्या, आणि जागा असतो तो फक्त पहिल्या गाडीचा मालक. ती पाळी रोज बदलायची.

हे ऐकताना लहानपणी गंमत वाटायची. आता त्यातली व्यवस्था दिसते. खाली हलणारा कंदील मागच्या गाडीसाठी असतो. रांग असते ती एकट्याला कुणी गाठू नये म्हणून. जागरणाची पाळी असते ती बाकीच्यांना झोपता यावं म्हणून. यातलं काहीही कुठल्या सरकारनं केलेलं नव्हतं. रस्ता कापूस नेण्यासाठी होता. त्यावरून जिवंत परत कसं यायचं, हे गाडीवानांनी आपसांत ठरवलं होतं.

१९१२ मध्ये पूर्णा जंक्शनहून वसमतमार्गे हिंगोलीपर्यंत मीटर गेज रेल्वे आली. कापसाला अकोल्याची वाट धरायची गरज उरली नाही. स्वातंत्र्यानंतर ती लाइन पुढे अकोला-खांडव्याला जोडली गेली आणि २००८ मध्ये पूर्णा ते अकोला ब्रॉडगेज झाली. स्टेशनच्या पाटीवर आजही 'हिंगोली डेक्कन' असंच नाव आहे. पण कळमनुरी-बाळापूरकडच्या माणसाला ही रेल्वे घरी नेत नाही. ती वेगळ्याच बाजूला जाते. कापसाला जिकडे जायचं होतं, तिकडे.

सरहद्द आणि मुक्कामी गाडी

एक हिवाळा असाही होता की आमच्या भागातल्या बऱ्याच माणसांना घरी जाताच आलं नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, हैदराबाद संस्थान भारतात आलं नाही. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे वऱ्हाड, म्हणजे भारत. रझाकारांच्या धाकानं माणसं नदी ओलांडून गेली. पलीकडे उमरखेडला स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचं सरहद्दीवरचं केंद्र होतं, तिथून अलीकडे लढा चालायचा. नदीला हिवाळ्यात पाणी उतरलेलं असतं. पलीकडून आपल्या गावच्या दिशेचा उजेड दिसत असेल आणि जाता येत नसेल. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला, त्यानंतर ती माणसं परतली. आपण दरवर्षी त्या दिवशी झेंडा फडकावतो. रस्त्याच्या भाषेत बोलायचं तर त्या दिवशी घरची वाट उघडली.

याच निजामाच्या राज्यानं एक चांगली गोष्ट मात्र बरीच आधी केली होती. जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेनं स्वतःचं मोटार खातं सुरू केलं. सुरुवात २७ बस आणि १६६ नोकरांनी झाली. हिंदुस्थानात सरकारनं चालवलेल्या बससेवेची ही सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक गणली जाते. इकडे मुंबई राज्यात पहिली एसटी पुणे ते अहमदनगर धावली ती १ जून १९४८ ला, म्हणजे सोळा वर्षांनी. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तिथली सरकारी बससेवा त्यात मिसळली, आणि १९६१ मध्ये आजचं एसटी महामंडळ उभं राहिलं.

या सगळ्या इतिहासात मला सगळ्यांत मोठी वाटते ती मुक्कामी गाडी. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. संध्याकाळी तालुक्याहून निघणारी शेवटची एसटी रात्री एखाद्या आडगावात पोचते आणि तिथंच थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात, शाळेच्या व्हरांड्यात, देवळात, नाहीतर गाडीतच. गाव त्यांना भाकरी देतं, थंडीत शेकोटी पेटवून देतं. सकाळी तीच गाडी कॉलेजची पोरं, दुधाच्या कॅन आणि दवाखान्याला जाणारी म्हातारी माणसं घेऊन परत निघते.

या गाडीचं वेळापत्रक उलटं वाचून बघा. सगळ्या गाड्या गावातून काहीतरी बाहेर न्यायला असतात. ही एकच गाडी रात्री माणसाला घरी सोडण्यासाठी निघते आणि त्याला सोडून आपण परक्या गावात झोपते. दोनशे वर्षांत या रस्त्यावर घरी जाणाऱ्याचा विचार करून आखलेली व्यवस्था मला शोधून एवढीच सापडली. पाऊण तास मोबाइलची बॅटरी हलवताना जो प्रश्न पडला होता, त्याचं अर्धं उत्तर इथं होतं.

मी त्या गाडीनं शाळेत गेलोय. नोकरी लागली तेव्हा मात्र दुकान बंद व्हायची वेळ शेवटच्या गाडीनंतरची निघाली. मग २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा मोठा संप सुरू झाला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या हिवाळ्यात आमच्या भागात ज्याला शक्य होतं त्यानं हप्त्यावर मोटारसायकल घेतली. मीही घेतली. तेव्हापासून प्रत्येक जण आपापला गाडीवान आहे. रांग नाही, पाळी नाही, आणि पुढच्या गाडीखाली कंदील आहे की नाही हे पुढच्याच्या मर्जीवर.

रेडियम

आता रस्ता साखरेचा आणि हळदीचा आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचं पाणी कालव्यांनी आलं, ऊस वाढला, जिल्ह्यात कारखाने आले. हिंगोलीवरून जाणारा अकोला-संगारेड्डी हा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग मोठा झाला. आणि यातच मेख आहे. ज्या पाण्यानं ऊस आला त्याच पाण्यानं रान ओलं राहतं, आणि निरभ्र थंड रात्री ओल्या सखल रानावर धुई जास्त धरते. उसाचा हंगाम आणि धुईचा हंगाम एकच. दसऱ्यानंतर दोघंही एकदमच रस्त्यावर येतात.

त्या रात्रीचा हिशेब मी नंतर कागदावर मांडला. ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. धोका दिसून हात ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला तर २१ मीटर तिथंच गेले. पुढे गाडी थांबायला आणखी पंधरा-सतरा. एकूण ३५ ते ४० मीटर लागतात, आणि मला दिसत होतं ते वीस मीटरच्या आतलं. म्हणजे माझं गणित चुकलेलंच होतं. उसाच्या वासानं ते दुरुस्त केलं. ताशी ३० असतो तर हेच अंतर वीस मीटरच्या आत बसतं. तेव्हापासून धुईत मी ३० च्या वर जात नाही. मागचा कितीही हॉर्न मारो.

आणि रेडियम. आपण त्या चमकणाऱ्या पट्टीला रेडियम म्हणतो, पण तिच्यात रेडियम नसतं. शंभर वर्षांपूर्वी घड्याळांच्या काट्यांना अंधारात चमकणारा खऱ्या रेडियमचा रंग लावायचे. अमेरिकेतल्या कारखान्यांत तो रंग लावणाऱ्या कितीतरी मुली त्यानं आजारी पडून मेल्या. तो रंग गेला, नाव आपल्याकडे राहिलं. आजच्या पट्टीत बारीक काचेचे मणी किंवा सूक्ष्म लोलक असतात. पडलेला उजेड ते आला त्याच दिशेला परत पाठवतात. म्हणून ती आपल्याच दिव्यात आपल्यालाच दिसते.

या युक्तीची रस्त्यावरची गोष्ट गमतीची आहे. इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या हॅलिफॅक्सजवळ राहणारा पर्सी शॉ हा रस्ते दुरुस्त करणारा कारागीर. एका धुक्याच्या रात्री तो गाडीनं घरी चालला होता, उताराचा वळणाचा रस्ता होता, आणि कडेला बसलेल्या मांजराचे डोळे त्याच्या दिव्यात चमकले, असं सांगतात. त्यावरून सुचलेल्या रस्त्यातल्या चमकत्या खुंट्यांचं पेटंट त्यानं १९३४ मध्ये घेतलं, पुढच्या वर्षी कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीनं इंग्लंडचे रस्ते अंधारात ठेवले गेले, तेव्हा या खुंट्यांचं मोल सगळ्यांना कळलं. आपल्या महामार्गांवरच्या कॅट्स आय त्याच कुळातल्या. मांजराची गोष्ट खरी असो नसो, मला तिच्यातला एक तपशील पटतो. ही वस्तू कुठल्या फौजेला किंवा गिरणीला सुचली नाही. धुक्यातून घरी जाणाऱ्या माणसाला सुचली.

आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत वाहनांना परावर्तक लावणं सक्तीचं आहे. दर हंगामात ट्रॉल्यांना पट्ट्या लावण्याचे कार्यक्रम होतात, फोटो निघतात. पण पट्टी लावली म्हणजे काम झालं, असं नाही. रानातून निघताना चाकाचा चिखल उडतो, मोळ्यांचं पाचट खाली लोंबतं आणि पहिल्या खेपेतच ती झाकली जाते. आज्याच्या कंदिलाची काच रोज संध्याकाळी राखेनं घासायचे. पट्टी रोज पुसायची, हे कुठल्या कागदावर येत नाही. हरीसिंगाच्या परवान्यासारखंच: कागद ठीक, पट्टी लावलेली, माल पोचला.

त्या पोराला मी नंतर विचारलं, "घर कुठं तुझं?" त्यानं बीड जिल्ह्यातलं एक गाव सांगितलं. दिवाळीनंतर निघाला होता. आईवडील फडात ऊस तोडत होते, हा ट्रॅक्टरवर. घरी कधी जाणार, तर पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखाना बंद झाल्यावर. तो म्हणाला, "तुमचं बरंय भाऊ, तुम्ही रोज जाता."

हे मला कुणी म्हटलं नव्हतं. रोज रात्री कुडकुडत चाळीस किलोमीटर तोडताना आपलं बरं आहे, असं कधी वाटलंही नव्हतं. रस्त्यात आडवी पडलेली ती ट्रॉली माझ्या दृष्टीनं माझ्या वाटेतला अडथळा होती. तिच्या आडोशाला बसलेला माणूस चार महिने घरी जाऊ शकत नाही, हे त्या धुईत मला दिसायचं काही कारण नव्हतं.

मिस्त्री आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. निघताना मी माझा रुमाल ओला करून ट्रॉलीची पट्टी पुसली. थोडं मागं जाऊन बॅटरी मारली. लाल चौकोन लख्ख दिसला. पोरगा हसला, "आता दिसंल."

तेव्हापासून माझ्या डिकीत एक जुनं फडकं आणि लाल रेडियमचा एक रोल असतो. दुकानातून परत जाताना, वाटेत चहाच्या टपरीवर ट्रॉली थांबलेली दिसली की मी उतरतो, विचारतो आणि पट्टी पुसतो. कुणी हसतं, कुणी चहा पाजतं. एकानं विचारलं, "कोणत्या ऑफिसातनं आलात?" मी म्हटलं, "मेडिकलमधनं." आमच्या फाट्यावरची आणखी तीन पोरं हिंगोलीत कामाला आहेत. एक मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात, दोघं हॉटेलात. या हिवाळ्यापासून आम्ही चौघं एकदम निघतो. जो पुढे असतो त्यानं वेग ठरवायचा, आणि पुढे कोण, ही पाळी रोज बदलते. आज्याला हे सांगायला हवं होतं.

त्या रात्री घरी पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. गल्लीत एकच दिवा चालू होता, आमचा. मी हॉर्न वाजवायच्या आधी आतून कडी निघाली.

"मेसेज नाही केलास."

"बॅटरी संपली."

आईनं चुलीतले निखारे वर काढले. हात शेकायला मला दहा मिनिटं लागली. मग मी मोबाइल चार्जिंगला लावला, आणि समोर बसलेल्या आईला, सवयीनं, मेसेज टाकला: 'पोचलो.'